मारिओ लान्झा : सिनेमातून ऐकलेला ऑपेरा हा ऑपेरा नव्हेच का?

पागोळी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय जरा आडवाटेचा आहे पण इथे कोणी ना कोणी जाणकार असणारच.

माझे बाबा आता 87 वर्षांचे आहेत. गिरगावात चाळीत वाढले, घरात नाट्यसंगीत आणि गुरुवारचं भजन, गाणं म्हणजे एवढंच. चौदा-पंधरा वर्षांचे असताना त्यांच्या मामाने त्यांना मेट्रो थिएटरला 'द ग्रेट करूसो' (करूसो या जगप्रसिद्ध इटालियन ऑपेरा गायकावरचा सिनेमा) दाखवायला नेलं. मेट्रोचं एसी अनुभवायचं हे मुख्य आकर्षण, सिनेमा कुठला ते दुय्यम. इंग्रजी जेमतेम कळायचं, इटालियनचा तर प्रश्नच नाही. पण पडद्यावर करूसोचं काम करणारा मारिओ लान्झा, तो रुंद छातीचा हसरा माणूस, गायला लागला आणि बाबा म्हणतात की अंगावर काटा आला तो ठाकूरद्वारपर्यंत चालत आलो तरी गेला नाही. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी चोरबाजारातून मारिओ लान्झाची एक 78 ची रेकॉर्ड आणली. लाल लेबल, एचएमव्हीचा कुत्रा, गाणं 'चे जेलिदा मानीना'. ती रेकॉर्ड अजून आहे. कडेला टवका उडालाय, सुरुवातीला टक् टक् टक् असा आवाज येतो आणि मग व्हायोलिन्स. मी लहानपणापासून ते टक् टक् धरूनच ते गाणं ओळखते.

आता मुद्दा. माझी भाची पुण्यात वेस्टर्न व्होकल शिकते. गेल्या महिन्यात ती आली होती, बाबांनी मोठ्या हौसेने रेकॉर्ड लावली, तर ती म्हणाली, आजोबा हा ऑपेरा सिंगर नाहीये हो, फिल्म स्टार आहे, स्टेजवर अख्खा ऑपेरा त्याने दोन-तीनदाच केलाय. तिच्या बोलण्यात वाईट हेतू अजिबात नव्हता. बाबा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी ती रेकॉर्ड लावलेली नाही, आणि मला ते फार लागलंय.

म्हणून विचारते, भाचीचं बरोबर आहे का? सत्तर वर्षं माझ्या बाबांनी जे ऐकलं ते काय होतं मग? आणि दुसरं, त्यांना आयुष्यात एक तरी ऑपेरा अथपासून इतिपर्यंत दाखवायचाय. कुठला दाखवू?

बिनतारी

सुंदर धागा पागोळीताई. लान्झा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

भाचीची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. माणसाचं खरं नाव आल्फ्रेडो कोकोझा. जन्म 31 जानेवारी 1921, फिलाडेल्फियात, इटालियन स्थलांतरितांच्या घरी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये करूसो गेला, आणि लान्झाच्या चाहत्यांनी या योगायोगाचं पुढे भरपूर भांडवल केलं. 'मारिओ लान्झा' हे नाव आईच्या माहेरच्या नावावरून घेतलं, ती मारिया लान्झा. 1942 ला बॉस्टन सिम्फनीचे कंडक्टर कुसेवित्स्की यांनी त्याचं गाणं ऐकलं आणि टँगलवूडला, म्हणजे त्यांच्या उन्हाळी संगीत केंद्रात, शिकायला शिष्यवृत्ती दिली. तिथे त्याने त्या उन्हाळ्यात निकोलाईच्या 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मध्ये फेंटनचं काम केलं. मग युद्ध, सैन्य. युद्धानंतर एन्रिको रोझाती यांच्याकडे सव्वा वर्ष तालीम. हे रोझाती म्हणजे जिली या नामवंत ऑपेरा गायकाचे गुरू, कोणी ऐरेगैरे नव्हेत. नंतर जॉर्ज लंडन आणि फ्रान्सिस यीन्ड यांच्याबरोबर बेल कान्तो ट्रिओ, पाऊणशेच्या वर कार्यक्रम. आणि 1948 च्या एप्रिलमध्ये न्यू ऑर्लीन्सला 'मादामा बटरफ्लाय'चे 2 प्रयोग, पिंकर्टनच्या भूमिकेत.

पण त्याआधीच ऑगस्ट 1947 मध्ये 'हॉलिवूड बोल' या खुल्या प्रेक्षागृहात त्याची मैफल झाली होती, ती एमजीएमच्या ('ग्रेट करूसो' काढणारी हॉलिवूडची कंपनी) लुई मेयरच्या कानावर गेली आणि सात वर्षांचा करार झाला. इथून गाडीने रूळ बदलला.

म्हणजे सिनेमातून ऑपेराकडे डोकावलेला माणूस नव्हता हा. ऑपेराच्या उंबरठ्यावर उभा होता, तिथून सिनेमावाल्यांनी उचलून नेला. अवांतर: मेट्रो थिएटर एमजीएमनेच 1938 ला बांधलेलं, त्यामुळे तुमचे बाबा योग्य दारातून आत शिरले होते.

आगाऊ_कार्टं

ऑपेरा म्हणजे ऑपेरा हाउसचा बसस्टॉप एवढंच माहीत होतं. वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

खर्ज

मी गाणं शिकतो (पाश्चात्त्य, सहावं वर्ष), त्यामुळे भाचीच्या बाजूने बोलतो. कृपया राग मानू नये.

ऑपेरा गाणं म्हणजे एक आरिया (ऑपेरातलं एकट्याचं गाणं) गाणं नव्हे. अडीच-तीन तास, 60-70 वाद्यांच्या ऑर्केस्ट्रावरून, माइक नाही, अंगावर दहा किलोचा पोशाख, आणि चौथ्या अंकात जी नोट लागणार ती लागण्यासाठी पहिल्या अंकात आवाज राखून ठेवायचा. हा सगळा हिशेब म्हणजे ऑपेरा. लान्झाला तो जेमतेम दोन-चारदाच करावा लागला. स्टुडिओत चार मिनिटं गायची, चुकलं तर परत. म्हणून तो प्रत्येक ओळ शेवटची ओळ असल्यासारखी गातो. ऐकताना थरार येतो, मलाही येतो. पण आमच्या बाई म्हणतात तसं तो गाणं खर्च करतो, गुंतवत नाही.

दुसरं म्हणजे 'द ग्रेट करूसो'मध्ये ऑपेरांचे नुसते तुकडे आहेत. एकातून दुसऱ्यात, टाळ्या, पुढचा. पात्र कोण, का रडतंय, पत्ता नाही. आपल्याकडे कोणी 'नाट्यसंगीतातील निवडक ताना' अशी सीडी काढली तर कसं वाटेल?

बिनतारी

@खर्ज, निवडक ताना 😀 मान्य. पण नाटक न बघता नुसती पदं ऐकून नाट्यसंगीतावर जीव टाकणारे लाखो लोक या महाराष्ट्रात आहेत. माझी आजी त्यातलीच. रेडिओवर पद लागलं की पोळी तव्यावर करपायची. नाटक तिने एकही पाहिलेलं नव्हतं. तिला मी नाट्यसंगीताची श्रोती नाही म्हणू?

मडगांवकार

धागा वाचून राहवलं नाही. मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑपेरा आणि साधी माणसं यांची गाठ सिनेमाच्या आधीपासून पडत आलीय आणि त्यातली एक गाठ आमची आहे. कोकणी तियात्र कुठून आला? मुंबईत इटालियन ऑपेरा कंपनी आली होती, तिच्याकडे लुकाझिन्य रिबेरो नावाचा गोंयकार पडद्यामागे कामाला लागला. रोज पडदे ओढता ओढता त्याने ते सगळं पाहिलं, कंपनी परत निघाली तेव्हा तिचे पोशाख विकत घेतले आणि 17 एप्रिल 1892 ला मुंबईत पहिला तियात्र लावला. नाव 'इटालियन भुरगो', म्हणजे इटालियन मुलगा. नावातच सगळं आलं.

आता विचार करा. त्या रिबेरोने ऑपेराचं शिक्षण घेतलं होतं? नाही. त्याने जे उभं केलं ते ऑपेरा होतं? अजिबात नाही. प्रेक्षक कोण, तर जहाजावरचे खलाशी, बटलर, आया, कुक. पण गोष्टीच्या मध्ये माणूस पुढे येऊन गायला लागतो आणि आख्खं सभागृह श्वास धरून बसतं, ही गोष्ट तिथून आमच्यात आली, आणि सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी चालू आहे.

माझ्या आजोबांच्या पिढीला गावच्या पॅरिश शाळेत सोल्फा शिकवायचे. व्हायोलिन हातात यायच्या आधी दो रे मी. त्यातलीच माणसं पुढे मुंबईला येऊन हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली, अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा वगैरे. म्हणून पागोळीताई, तुमच्या बाबांच्या कानाला ते व्हायोलिन्स परके वाटले नसणार. त्या काळच्या हिंदी गाण्यांतून ते तयार झालेले कान होते. फक्त गळा नवीन होता.

शेवंती

मडगांवकार, केवढं सुंदर लिहिलंय. कुठे चुकलंय हो मराठी? पडदे ओढता ओढता ऑपेरा शिकलेला माणूस, हे डोक्यातून जात नाहीये.

फिलीतली_मावशी

अगं पागोळी, मी साउथ फिलीच्या (फिलाडेल्फियाच्या दक्षिण भागाच्या) जवळच राहते, 22 वर्षं झाली! लान्झाचा जन्म क्रिश्चन स्ट्रीटवरचा. जवळच त्याच्या नावाचा एक छोटासा पार्क आहे, तिथे लोक कुत्री घेऊन येतात, मीही जाते. त्याच्या नावाचं एक संग्रहालयही आहे इथे.

इथे आले त्या वर्षी एका म्हाताऱ्या इटालियन शेजाऱ्याने विचारलं, तुमच्याकडे गाणं ऐकतात का? मी म्हटलं ऐकतात म्हणजे काय, जगतात. तर घरात बोलावून लान्झा लावला. त्याचं एक वाक्य अजून आठवतं, की आम्ही गवंडी, न्हावी, भाजीवाल्यांची पोरं, ऑपेराची तिकिटं आमच्यासाठी नव्हतीच, पण आमच्या गल्लीतला पोरगा पडद्यावर करूसो झाला तेव्हा पंचवीस सेंटमध्ये आम्हाला वाटलं की हे आपलंच आहे आणि कायम आपलंच होतं. इटलीतून येताना त्यांच्या आईवडिलांनी ही गाणी बरोबर आणली होती गं. ती कोटटाय घातलेल्या लोकांकडे गेली होती, या पोराने परत आणून दिली.

बाबांना हे सांग.

आगाऊ_कार्टं

मावशी, डोळ्यात पाणी आणलंत सकाळी सकाळी.

बरं एक बेसिक प्रश्न. करूसो सिनेमात शेवटी स्टेजवर मरतो. खरंच तसं झालं होतं? काल रात्री सिनेमा शोधून बघितला.

दर्यावर्दी

नाही. तो शेवट सिनेमावाल्यांचा आहे. सिनेमात 'मार्था' हा ऑपेरा गाताना कोसळतो. प्रत्यक्षात 11 डिसेंबर 1920 ला ब्रुकलिनमध्ये 'लेलिसिर दामोरे' चालू असताना त्याच्या तोंडातून रक्त यायला लागलं. रुमालामागून रुमाल लाल होत होते आणि हा गातच होता, शेवटी प्रयोग थांबवला. तरी त्यानंतर परत उभा राहिला, नाताळच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये 'ला ज्युईव्ह' गायला, तो शेवटचा. पुढे बरेच महिने आजारपण, ऑपरेशनं, आणि 2 ऑगस्ट 1921 ला नेपल्समध्ये गेला. 48 वर्षांचा होता. खरं इतकं भयंकर आणि इतकं मोठं असताना खोटं कशाला रचलं, हा माझा त्या सिनेमावरचा राग आहे. शिवाय ज्या बाईबरोबर तो बरीच वर्षं राहिला, जिच्यापासून दोन मुलगे झाले, ती गायिका आदा जाकेत्ती, तिचा सिनेमात उल्लेखसुद्धा नाही. सगळा गोडमिट्ट संसार.

जहाजावर होतो तेव्हा नेपल्सला दोनदा गेलो, करूसोची कबर बघितली. टॅक्सीवाल्याला नाव सांगितल्यावर तो जे गायला लागला ते कबर येईपर्यंत. आवाज बेसूर होता. पण सगळे शब्द पाठ.

अजून एक गंमत, करूसोने स्वतः सिनेमात काम केलं होतं. 1918 ला, 'माय कझिन', डबल रोल. मूकपट! जगातला सगळ्यात महाग गळा घेतला आणि आवाजच नाही. सपशेल पडला.

सायंतारा

धाग्यात जोसेफ श्मिटचं नाव अजून कसं आलं नाही? लान्झाच्या आधी वीस वर्षं हे काम करणारा माणूस.

पूर्व युरोपातल्या बुकोव्हिनात ज्यू कुटुंबात 1904 चा जन्म, सिनेगॉगमध्ये गात मोठा झाला. आवाज असा की आकाशाला भोक पडेल, पण उंची पाच फुटाला कमी. ऑपेराच्या स्टेजवर नायिकेच्या खांद्याला लागणारा नायक कोणी घेईना. मग तो बर्लिन रेडिओवर गेला. रेडिओवर उंची कोणाला दिसते? घराघरात पोचला, बोलपट आल्यावर सिनेमात आला. त्याच्या सिनेमाचं शीर्षकगीत 'गाणं जगभर फिरतं' या अर्थाचं, आणि पहिला खेळ बर्लिनमध्ये मे 1933 ला. तारीख बघा. हिटलर सत्तेवर येऊन तीन-चार महिने झाले होते. जर्मन लोक थिएटरात त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते आणि बाहेर त्याला गाण्याची बंदी होत चालली होती. व्हिएन्ना, बेल्जियम, फ्रान्स असं पळत पळत 1942 ला स्वित्झर्लंडमध्ये पोचला तर तिथे छावणीत ठेवलं, आजारी पडला, त्याच नोव्हेंबरात गेला. वय 38.

लान्झाही 38 व्याच वर्षी गेला, 7 ऑक्टोबर 1959, रोममध्ये. मला या दोन अडतीसांचं फार वाटतं. एकाला स्टेजने उंचीमुळे फारसं घेतलं नाही आणि दुसऱ्याला ऑपेराच्या स्टेजवर परत जायचं धाडस शेवटपर्यंत गोळा करता आलं नाही. दोघांनी मिळून ज्या घरांत ऑपेरा नेला त्या घरांत एरवी तो कधी गेला नसता.

@खर्ज, तुमच्या हिशेबात श्मिट ऑपेरा गायक होता की नव्हता?

निळू

होता. मी उत्तर देतो.

खर्ज

@सायंतारा, श्मिट ऐकला रात्री. दोनदा. उत्तर द्यायला वेळ लागला त्याचं कारण तेच.

होता. म्हणजे स्टेज ही एकच कसोटी धरून चालणार नाही, एवढं मी मागे घेतो. पण लान्झाबद्दल अजून एक गोष्ट नीट सांगतो, कारण पागोळीताईंकडे तीच रेकॉर्ड आहे. 'चे जेलिदा मानीना' ही त्याने 5 मे 1949 ला रेकॉर्ड केली, आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठीच्या पहिल्या सेशनमध्ये. पहिला सिनेमाही अजून लागला नव्हता. काल हेडफोन लावून ओळ ओळ ऐकली. सुरुवातीला तो एकाच सुरावर जवळजवळ बोलतो, किती गार गं तुझा हात, दे मी ऊब देतो. तिथे जराही जोर नाही, माझा जो आक्षेप होता तो तिथे लागूच पडत नाही. मग चढत चढत 'स्पेरान्झा' या शब्दावर वरचा सी हा सूर, 523 हर्ट्झच्या आसपास. स्पेरान्झा म्हणजे आशा. बरेच गायक तिथे नोट दाखवतात. लान्झा तिथे शब्द गातो. ती नोट सोडताना त्याने आवाज आपटलेला नाही, हळूच खाली आणून ठेवलाय, जसं आपण झोपलेलं मूल गादीवर ठेवतो.

28 वर्षांच्या माणसाचं हे गाणं आहे आणि हे सिनेमाचं गाणं नाही. भाचीला म्हणावं हीच रेकॉर्ड परत ऐक, डोळे मिटून, कोण गातंय ते विसरून.

पुढे सवय बिघडली असं मला अजूनही वाटतं. तेवढं राहू द्या.

बिनतारी

@खर्ज, असा प्रतिसाद वाचायलाच मी इथे येतो. मनापासून धन्यवाद.

माइकबद्दल थोडं, हा माझा धंदा आहे. ऑपेरा गायकाचा आवाज ऑर्केस्ट्रावरून जातो तो नुसत्या ताकदीने नाही. शिकलेल्या गळ्यात 3000 हर्ट्झच्या आसपास एक ऊर्जेचा उंचवटा तयार होतो. ऑर्केस्ट्राचा मुख्य जोर त्याच्या बराच खाली असतो, आणि माणसाचा कान नेमका त्या पट्ट्यात सर्वात तीक्ष्ण. म्हणजे गर्दीत वाट मोकळी असते तिथून गायक निघून जातो. लान्झाच्या रेकॉर्डिंगमध्ये हा उंचवटा स्पष्ट ऐकू येतो, सिनेमावाल्यांनी आवाज फुगवला हा आरोप निदान यावरून टिकत नाही. 'ग्रेट करूसो'ला ध्वनीसाठीच ऑस्कर मिळालं होतं ते उगीच नाही.

आणि सिनेमाने त्याच्याशी काय केलं त्याचंही एक उदाहरण देतो. 'द स्टुडंट प्रिन्स'ची गाणी त्याने आधी रेकॉर्ड करून दिली, आपल्या प्लेबॅकसारखीच पद्धत. शूटिंगच्या वेळी एका गाण्याच्या भावनेवरून दिग्दर्शकाशी बिनसलं, दिग्दर्शकाचं म्हणणं प्रशियाचा राजपुत्र इतका विरघळणार नाही. लान्झा सेटवर जाईना, कंपनीने त्याला काढला. पण गाणी कंपनीच्या मालकीची! मग 1954 ला सिनेमा आला त्यात पडद्यावर एडमंड पर्डम ओठ हलवतोय आणि आवाज लान्झाचा. आपल्या 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावे दिसतो आणि आनंद भाटे गातो, ते ठरवून, आदराने केलेलं. इथे माणसाला बाहेर काढून आवाज तेवढा ठेवून घेतला. ती गाणी आज ऐकली तरी मला पर्डम दिसत नाही, स्टुडिओच्या गेटबाहेर उभा लान्झा दिसतो.

निळू

'थ्री टेनर्स' म्हणून गाजलेल्या तिघा टेनरांपैकी (टेनर म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक) होझे कारेरास बार्सिलोनातला. सहा-सात वर्षांचा असताना त्याने थिएटरात 'द ग्रेट करूसो' बघितला आणि घरी येऊन दिवसभर तेच गायला लागला. आठव्या वर्षी स्पेनच्या रेडिओवर 'ला दोन्ना ए मोबिले' गायला. 1990 ला फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी रोममध्ये पाव्हारोत्ती-डोमिंगोबरोबर उभा राहिला आणि फुटबॉल बघणाऱ्यांनी ऑपेरा ऐकला. ऑपेराच्या लोकांनीच सांगितलंय की आम्ही लान्झामुळे आलो. आणखी काय पुरावा पाहिजे?

पागोळीताई, म्हणजे बार्सिलोनात एक मुलगा आणि गिरगावात एक मुलगा, साधारण त्याच सुमारास, तोच सिनेमा, तोच काटा अंगावर. बाबांना हे नक्की सांगा.

शेवंती

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहूनच गेला. कुठला ऑपेरा दाखवायचा.

मी सांगते, 'ला बोएम'. दुसरा विचारच करू नका. रेकॉर्ड त्यातलीच आहे ना! पॅरिसमधली थंडी, नाताळची आदली संध्याकाळ, चौघे कफल्लक मित्र माळ्यावर राहतात. शेजारची मीमी, भरतकाम करणारी, विझलेली मेणबत्ती पेटवायला येते. किल्ली पडते, अंधारात दोघं जमिनीवर चाचपडत शोधतात, रोडोल्फोला किल्ली सापडते तर तो खिशात लपवतो. आणि हाताला हात लागतो. तिथे तुमची रेकॉर्ड सुरू होते. चारही अंक मिळून दोन तासांच्या आत-बाहेर, वयस्कर माणसाला झेपतं. मध्ये चहा द्या.

मुंबईत एनसीपीएला मेट्रोपॉलिटनचे ऑपेरे पडद्यावर दाखवतात, तो अनुभव वेगळाच, पण बाबांना प्रवास नको असेल तर घरी टीव्हीवर, सबटायटल्स मोठी करून. आणि गोष्ट आधी सांगून ठेवा, पण शेवट सांगू नका.

आगाऊ_कार्टं

शेवंतीताई शेवट आम्हालाही सांगू नका, मी बघणार आहे.

खर्ज

शेवंतीताईंना +1. एकच सुचवतो, आधी रेकॉर्ड लावू नका. त्यांना ते गाणं ऑपेरात आपोआप भेटू दे.

पागोळी

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय, उशिराबद्दल माफी. सगळं वाचून काढलं, बाबांना मोठ्याने वाचूनही दाखवलं. फिलीच्या मावशीचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. कारेरासचं ऐकून म्हणाले, त्याला सांग, मामा मेट्रोतून बाहेर आल्यावर आइस्क्रीमही द्यायचा.

रविवारी 'ला बोएम' लावला. भाचीला मुद्दाम बोलावलं होतं, ती बाबांच्या शेजारी बसली. किल्लीच्या प्रसंगाला बाबा हसले. मग अंधार, हाताला हात, आणि व्हायोलिन्स. बाबांनी माझ्याकडे बघितलं. टक् टक् नाहीये, म्हणाले. आणि मग त्या गायकाबरोबर हळू आवाजात गायला लागले, शब्द सत्तर वर्षं ऐकून ऐकून जसे कानाला वाटले तसे, अर्धे चुकीचे. भाचीने एकही शब्द सुधारला नाही. आशेच्या त्या वरच्या नोटेला त्यांनी नुसता हात वर केला.

चौथ्या अंकाबद्दल शेवंतीने सांगू नका म्हटलं होतं ते बरं झालं. (आगाऊ, तू अजून बघितला नसशील तर इथून पुढे वाचू नकोस.) मीमीला क्षय झालाय, तिला परत त्याच माळ्यावर आणून निजवतात. एक जण कोट विकायला जातो, एक जण कानातली, कारण तिचे हात गार पडलेत. आणि ती पडल्या पडल्या त्याला म्हणते, आठवतं का, तू पहिल्यांदा काय म्हणालास, आणि तीच ओळ ती म्हणते. चे जेलिदा मानीना. तेच सूर, पण आता आवाज असा की जेमतेम पुरतो.

बाबा उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. म्हणाले, हे रेकॉर्डवर नव्हतं. संपेपर्यंत तिथेच उभे होते, भाचीने खुर्ची नेऊन दिली तरी बसले नाहीत.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःहून कपाट उघडलं आणि रेकॉर्ड काढली. भाचीने फडक्याने पुसून लावून दिली. टक् टक् टक्, आणि लान्झा. किती गार गं तुझा हात. बाबा म्हणाले, याला माहीत होतं बघ पुढे काय होणार ते, म्हणूनच इतकं हळू म्हणतोय. भाची म्हणाली, आजोबा, परत लावा.